पंप चालू असताना केलेला नमस्कार

“आंटीजी, आपके फेफड़ों में पानी भरा है. हार्ट फेल्युअर है,” असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकून, पुढे वाकून, तोंडानं श्वास ओढत बसले होते. बोलायला दम नव्हता, तरी मी मान हलवून ठाम नाही म्हटलं. हार्ट फेल झालेलं माणूस बसून ऐकतं होय? जन्मभर मुलींना गणित शिकवल्यामुळे समोरच्याचं उत्तर चुकलंय असं मला फार लवकर वाटतं.

डॉक्टर माझ्या मुलाएवढे, निखिलएवढेच, पस्तिशीचे असतील. माझी हललेली मान त्यांनी पाहिली आणि घाई असतानाही थांबून समजावलं. “फेल का मतलब बंद नहीं. मतलब दिल जितना ज़ोर लगाना चाहिए, लगा नहीं पा रहा.”

माझं ब्लड प्रेशर भलतंच चढलं होतं. वरचा आकडा दोनशेच्या पलीकडे. एवढ्या दाबाविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय थकलं, रक्त मागे फुफ्फुसांत तुंबलं आणि त्यातलं पाणी हवेच्या जागेत झिरपलं. याला Acute Pulmonary Edema म्हणतात, म्हणजे फुफ्फुसांत अचानक पाणी साठणं. माणूस कोरड्या जमिनीवर, आपल्याच छातीतल्या पाण्यात बुडायला लागतं. हे मी घाबरवायला लिहीत नाही. मी त्यातून बाहेर आले आहे आणि आता चार जिने चढून गच्चीवर पापड वाळत घालते, बिनमिठाचे.

हे लिहितेय ते अशासाठी, की तुमच्यावर किंवा तुमच्या माणसावर ही वेळ आली तर काय होतं ते आधीच ठाऊक असावं. आणि मी केला तो मूर्खपणा तुम्ही करू नये.

शरीरानं तसं आधीपासून सांगायला सुरुवात केली होती. आम्ही इंदूरच्या सुदामा नगरात राहतो, दुसऱ्या मजल्यावर. जिना चढताना मधल्या वळणावर मला थांबावं लागायचं. कोणी पाहिलं तर मी पर्समध्ये किल्ली शोधत असल्याचं दाखवायची. आडवं झालं की खोकला यायचा, म्हणून एका उशीच्या दोन झाल्या, मग तीन. संध्याकाळी चपलेचा पट्टा पायावर रुतलेला दिसायचा. मी म्हणायची वय झालं, आमचे हे म्हणायचे पोल्युशन झालं. दोघांचंही समाधान व्हायचं आणि आम्ही पोह्यांवर मूठभर सेव टाकून खायला बसायचो. त्या सेवमध्ये किती मीठ असतं याचा विचार इंदुरात कोणी करत असेल असं मला वाटत नाही.

त्या दिवशी सकाळी नर्मदेचं पाणी आलं होतं. नळाला धार चांगली होती म्हणून मी बादल्या भरून घेत होते. तिसरी बादली उचलली आणि श्वास आत जाईना. बाहेरही येईना. निखिलनं मला गाडीत घातलं. वाटेत मी काहीतरी सूचना द्यायला लागले तर तो ओरडला, “आई, तू आत्ता बोलू नको ना यार!” तो रडायच्या बेतात होता. मला त्याची भीती दिसली आणि मग मलाही वाटायला लागली.

आता औषधाबद्दल.

डॉक्टरांनी आधी तोंडावर घट्ट मास्क बसवला, त्यातून हवा जोरानं आत जायची. मग लघवी होऊन पाणी उतरावं म्हणून एक इंजेक्शन दिलं. आणि मग म्हणाले की आता Nitroglycerin चालू करतो, शिरेतून. ते नाव ऐकून आमच्या ह्यांचा चेहरा उतरला. हे वीज मंडळात होते, पण शाळेतलं रसायनशास्त्र अजून पाठ आहे. “डॉक्टर साब, ये तो बारूद वाला है ना?”

“वही है, अंकलजी. पर यहाँ हम फोड़ते नहीं, बूँद-बूँद देते हैं.”

हे औषध Vasodilator आहे, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारं. शाळा सुटली की सगळ्या पोरी एकाच फाटकातून निघतात आणि चेंगराचेंगरी होते. शिपायानं दुसरं फाटक उघडलं की दोन मिनिटांत मैदान मोकळं. तसंच. रक्तवाहिन्या रुंदावल्या की हृदयावरचा भार हलका होतो, फुफ्फुसांत तुंबलेलं रक्त मागे सरकतं. मला हे गणित एकदम पटलं.

पण फाटक किती उघडायचं हे महत्त्वाचं. जास्त उघडलं तर प्रेशर धाडकन खाली येतं. म्हणून हे औषध साध्या बाटलीसारखं अंदाजानं सोडत नाहीत. एका मोठ्या सिरिंजमध्ये भरून पंपाला लावतात आणि पंप ते तासाला ठरलेलं तेवढंच ढकलतो. नळीही वेगळी असते, कारण नेहमीच्या काही प्लॅस्टिकमध्ये हे औषध शोषलं जातं आणि माणसाला कमी मिळतं. सुरुवात अगदी थोड्यापासून. दंडावरचा पट्टा दर काही मिनिटांनी आपोआप आवळायचा, आकडा बघायचा, मग डोस थोडा वाढवायचा. तो पट्टा इतका घट्ट आवळायचा की मला बांगडीवाल्याची आठवण यायची.

चालू करण्याआधी डॉक्टरांनी काही प्रश्न विचारले. कशाची ॲलर्जी आहे का, इतर गोळ्या कोणत्या. मग Sildenafil किंवा त्या जातीची एखादी गोळी घेता का. मला नाव कळलं नाही, पण ह्यांना कळलं असावं, कारण हे एकदम खिडकीबाहेर बघायला लागले. पुरुषांच्या शक्तीसाठी म्हणून जी गोळी मिळते तीच ती. बायकांनाही कधी कधी फुफ्फुसातल्या दाबासाठी देतात, म्हणून विचारावं लागतं, असं डॉक्टर म्हणाले. ती पोटात असताना वरून हे औषध दिलं तर प्रेशर इतकं पडू शकतं की माणूस हाती लागत नाही.

तेव्हा पुरुष वाचकहो, हा प्रश्न तुम्हाला विचारला तर खरं सांगा. शेजारी सून असो, व्याही असोत, नाहीतर सासूबाई असोत. सांगवत नसेल तर सगळ्यांना बाहेर काढायला सांगा आणि मग सांगा. गोळी नसेल, कुठल्या तरी दुकानातलं ताकदीचं चूर्ण असेल, तर तेही सांगा. त्यात काय मिसळलेलं असतं हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

औषध चालू झालं आणि थोड्या वेळात डोकं ठणकायला लागलं. मला वाटलं आता हे नवीनच. सिस्टर म्हणाली, “अम्माजी, सिरदर्द इस दवा में होता है. डोक्याच्याही शिरा खुलतात ना.” ती कविता सिस्टर इंदूरजवळच्या महूची, मराठी-हिंदी दोन्ही एका वाक्यात वापरायची. डोकं दुखणं लपवायचं नाही आणि आपल्या मनानं बाम किंवा गोळीही घ्यायची नाही, तिला सांगायचं. मी सांगितलं. तिनं डॉक्टरांना विचारून काहीतरी दिलं आणि ठणका कमी झाला.

मग डॉक्टरांनी मला आणि ह्यांना दोन गोष्टी बजावल्या. पंपाला कोणीही हात लावायचा नाही, तो वाजला तरी नाही. आणि विचारल्याशिवाय पलंगावरून उठायचं नाही, पायसुद्धा खाली सोडायचे नाहीत. शिरा सैल असताना माणूस एकदम उभं राहिलं की रक्त पायांत उतरतं, डोक्यापर्यंत पोचत नाही, आणि चक्कर येऊन पडतं. “समझ गए?” त्यांनी विचारलं. मी मास्क बाजूला करून दोन्ही नियम घडाघडा म्हणून दाखवले. पैकीच्या पैकी मार्क.

दुसऱ्या दिवशी मास्क निघाला, नाकात साधी नळी आली. मी पूर्ण वाक्य बोलू शकत होते, ज्याचा घरच्यांना आनंद झाला आणि कविता सिस्टरला जरा कमी. श्वास मोकळा झाला होता. औषध मात्र चालूच होतं, कारण कमी केलं की प्रेशर पुन्हा चढायला बघायचं. डॉक्टर म्हणाले, अजून फुफ्फुसांच्या तळाशी पाणी आहे, घाई नको.

संध्याकाळी भेटायची वेळ झाली आणि आक्का आल्या.

आक्का म्हणजे ह्यांची आत्या. ऐंशी पार केलेल्या, जुन्या इंदूरमध्ये राहतात. ह्यांची आई लवकर गेली, तेव्हा ह्यांना आक्कांनीच वाढवलं. आमच्या घराण्यातली माणसं पूर्वी दरबारात होती. दरबार गेला, हुद्दे गेले, पण सुंभ जळला तरी पीळ काही गेला नाही. आक्का आल्या की बसलेला उभा राहतो, झोपलेला उठतो. घरच्या सुनांनी डोक्यावर पदर घेऊन त्यांना तीनदा वाकून नमस्कार करायचा, एकदा नाही, तीनदा. लग्न होऊन आले त्या दिवसापासून मी तो करत आले. वर्गात चाळीस पोरींना एका नजरेत गप्प करणारी मी, आक्कांसमोर अजून नवी नवरी होते. आणि मला ते आवडायचंही. सून नोकरी करणार म्हणून घरात कुरकुर झाली तेव्हा “ती शाळेत जाईल, विषय संपला” असं आक्का म्हणाल्या होत्या आणि विषय संपला होता.

तर आक्का काठी टेकत आत आल्या. पाठीला बाक आला आहे, पण लुगड्याची निरी इस्त्री केल्यासारखी. ह्यांनी त्यांचा हात धरला होता. पलंगापाशी येऊन त्या थांबल्या आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या, “काय हालत करून घेतलीस गं वैजू.”

माझा हात आपोआप पदराकडे गेला. अंगात दवाखान्याचा गाऊन, पदर कुठला असायला! मी पांघरायची चादर डोक्यावर ओढून घेतली. मग पाय खाली सोडले. उभी राहिले. आणि वाकले.

आता तुम्ही म्हणाल, कोणी अडवलं नाही? कविता सिस्टर पलीकडच्या पेशंटपाशी होती, मधे पडदा. आमचे हे तर शेजारीच उभे होते. डॉक्टरांचे दोन्ही नियम ह्यांनीही ऐकले होते. ह्यांनी काय केलं सांगू? मला नीट वाकता यावं म्हणून हातातली नळी अलगद बाजूला धरली. उपकारच म्हणायचे. आक्का अवघडून म्हणाल्या, “राहू दे, राहू दे,” पण तसं तर त्या दर वेळीच म्हणतात, ते कोण मनावर घेतं?

पहिला नमस्कार झाला. दुसरा झाला. तिसऱ्याला मी वाकले आणि वर आलेच नाही.

डोळ्यांपुढे काजवे चमकले म्हणतात, तसं काही झालं नाही. दिवे कोणीतरी हळूहळू मंद करावेत तसं झालं. मला आक्कांच्या पायांची बोटं दिसत होती, जोडव्यांच्या जागी पडलेले पांढरे वळ दिसत होते, आणि मग काहीच दिसेना. कुठेतरी लांब पंप वाजत होता.

नंतर कळलं ते असं. सिस्टर पडदा सारून धावत आली, तिनं सगळ्यात आधी पंप बंद केला. तिनं आणि ह्यांनी मिळून मला उचलून आडवं केलं, पाय वर केले. प्रेशरचा वरचा आकडा सत्तर होता. डॉक्टर आले.

आणि इथे खरा पेच होता. आडवं ठेवलं तर रक्त डोक्याकडे येणार, पण फुफ्फुसांत पाणी होतं, आडवं झालं की माझा श्वास कोंडणार. बसवलं तर श्वास येणार, पण मी पुन्हा बेशुद्ध होणार. अशा वेळी एरवी सलाईन भराभर सोडून प्रेशर वर आणतात. माझ्या अंगातलं पाणी तर दोन दिवस इंजेक्शनं देऊन बाहेर काढत होते. ते परत भरायचं तर सगळ्यावर पाणीच.

मला तेवढ्यात थोडी शुद्ध आली होती. आवाज ऐकू येत होते, पण छातीवर कोणी बसलंय असं वाटत होतं आणि मला उठवा हे सांगता येत नव्हतं. मी खूप घाबरले. देव आठवला नाही, नवरा आठवला नाही. मला मरायचं नाही, एवढंच मनात होतं. इतकं साधं आणि इतकं जोरात मी आयुष्यात दुसरं काही मागितलं नसेल.

डॉक्टर माझ्या कानाशी वाकून म्हणाले, “आंटीजी, इस दवा की एक अच्छी बात है. बंद करो तो मिनटों में उतर जाती है. बस थोड़ा साथ दीजिए.” त्यांनी सलाईन लावलं नाही. पाय वर ठेवून, डोकं किंचित उंच करून, ऑक्सिजन वाढवून ते पट्ट्याच्या आकड्याकडे बघत उभे राहिले. पट्टा आवळला. ऐंशी. पुन्हा आवळला. नव्वदीच्या जवळ. त्या पट्ट्याला मी कालपासून शिव्या देत होते, आता मी त्याच्या आवळण्याची वाट बघत होते. शंभर झाल्यावर त्यांनी पलंगाची पाठ हळूहळू वर केली आणि मला श्वास मिळाला.

मग ते ह्यांच्याकडे वळले. “अंकलजी, इनको उठाया किसने?”

“किसी ने नहीं, डॉक्टर साब. वो... आक्का आल्या होत्या ना.”

“तो?”

या “तो?”ला आमच्या कुळात आजवर कोणी उत्तर दिलेलं नाही.

पण गोष्ट तिथे संपली नाही. औषध बंद केल्यामुळे थोड्या वेळानं प्रेशर पुन्हा चढायला लागलं. शंभराचे एकशे चाळीस, एकशे साठ. छातीत परत घरघर सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, पुन्हा तेच औषध चालू करावं लागेल, अगदी कमीपासून.

मी नाही म्हणाले. स्पष्टच. “मला नको ते. त्यानंच मारलं असतं मला.” ह्यांनीही माझ्या बाजूनं मान हलवली.

डॉक्टर चिडले नाहीत. स्टूल ओढून बसले. “आपने मैथ्स पढ़ाया है ना? बच्ची का उत्तर गलत आए तो आप पूरा तरीका फेंक देती हैं, या देखती हैं कि कौन सी स्टेप गलत हुई?”

मी मान फिरवून पंपाकडे पाहिलं.

“दवा ने वही किया जो उसको करना था. शिरा सैल केल्या. स्टेप आपकी गलत थी.” मराठीतलं तेवढं वाक्य त्यांनी कविता सिस्टरकडून उचललं असावं.

माझ्याच शस्त्रानं मला गार केलं. खरं सांगते, त्या क्षणी मला राग आला होता, पण उत्तर बरोबर होतं आणि बरोबर उत्तराला मी कधी अर्धा मार्कही कापलेला नाही. मी हात पुढे केला.

पंप परत लागला. आधीच्यापेक्षाही कमी डोस, आधीच्यापेक्षाही सावकाश. डॉक्टर पहिले काही आकडे बघेपर्यंत तिथेच बसून राहिले. मी पाय चादरीत घट्ट गुंडाळून घेतले, म्हणजे ते माझ्या परवानगीशिवाय कुणाच्या स्वागताला जायला नकोत. डोकं ठणकलं, मी लगेच सांगितलं. लघवीला भांडं मागितलं, लाज गुंडाळून ठेवली. सकाळपर्यंत फुफ्फुसांचा आवाज सुधारला. त्यानंतर गोळ्या चालू केल्या आणि पंपाचा डोस एकेक पायरीनं उतरवत बंद केला. एकदम बंद केला तर प्रेशर पुन्हा उसळी घेऊ शकतं, म्हणून उतरतानाही पायऱ्याच.

पुढच्या तपासण्या झाल्या. Echocardiography, म्हणजे आवाजाच्या लहरींनी हृदयाचं चित्र काढणं. त्यात हृदयाची भिंत जाड झालेली दिसली, वर्षानुवर्षं जास्त दाबाविरुद्ध काम केल्यामुळे. Angiography, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांत रंग सोडून अडथळा पाहणं. तो मोठासा नव्हता. गोळ्या जन्माच्या, मीठ मोजकं, रोज सकाळी वजन. वजन एक-दोन दिवसांत एकदम वाढलं तर ते तूप नव्हे, पाणी असतं. ताबडतोब डॉक्टरांना फोन करायचा. सेव बंद हे ऐकून ह्यांना माझ्यापेक्षा जास्त दुःख झालं.

आणि उठायची पद्धत. आधी कुशीवर, मग बसायचं, मग पाय सोडून थोडं थांबायचं, मग उभं राहायचं. गोळ्यांनीही शिरा सैल राहतात, म्हणून ही सवय आता कायमची. दारावरची बेल वाजली की मी उडी मारून उठायची. आता बेल वाजू देते. कुरियरवाला थांबतो, दूधवालाही थांबतो. मी इतकी वर्षं उगाच पळत होते असं दिसतंय.

तुमचं माणूस अशा पंपावर असेल तर मी एवढंच सांगेन. औषधाला घाबरू नका, ते जोखमीचं आहे म्हणूनच त्याच्यावर एवढी नजर ठेवतात. घाबरायचं तर आपल्या सवयींना घाबरा. सवय माणसाला विचारून उठत नाही. भेटायला येणाऱ्याला दारातच सांगा की हिला उठवू नका, आणि ती उठायला लागली तर नळी धरू नका, तिला धरा.

मी बरी झाले, पण आक्का बऱ्या झाल्या नाहीत.

त्या संध्याकाळी सगळे माझ्याभोवती असताना आक्का बाहेर बाकावर एकट्या बसून होत्या. कोणी त्यांना काही बोललं नव्हतं. बोलायची गरजच नव्हती. “माझ्या पायाशी सून गेली असती,” असं त्या नंतर येईल-जाईल त्याला सांगायला लागल्या. आमच्याकडे येणं बंद केलं. फोन करायच्या तो ह्यांना, आणि मी घ्यायला गेले की, “राहू दे, तिला दमवू नको,” म्हणून ठेवून द्यायच्या. दिवाळीला निखिल फराळ घेऊन गेला, तर परत येऊन म्हणाला, “आक्का आजीनं पायच वर घेतले. म्हणे दुरून हात जोड. कोणालाच हात लावू नाही देत पायांना आता.”

मला रडू आलं. ज्या बाईनं आयुष्यभर मानानं एक गोष्ट घेतली, तीच आता स्वतःपासून तोडून टाकत होती, आणि ती माझ्यामुळे.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना विचारलं, “अब झुक सकती हूँ?” ते हसले. “झुकिए. पर धीरे. और एक बार.”

आम्ही जुन्या इंदूरला गेलो. आक्का पलंगावर शाल घेऊन बसल्या होत्या. मला दारात पाहिल्याबरोबर त्यांनी पाय शालीखाली ओढले.

“तू कशाला आलीस एवढे जिने चढून? फोनवर हाल घेऊन राहिली होती ना मी तुझे.”

“माझ्याकडून नाही, ह्यांच्याकडून.”

“बैस तिकडे खुर्चीवर. आणि पाया-बिया नाही पडायचं, सांगून ठेवते.”

मी खुर्चीवर बसले नाही. पलंगाला धरून सावकाश खाली फरशीवर बसले, त्यांच्या पायांपाशी. थोडं थांबले. “आक्का, पाय खाली घ्या. डॉक्टरनं परमिशन दिलीय.”

“डॉक्टरला काय समजतं!”

“समजतं. त्यानं मला जिवंत ठेवलंय.”

मी शालीखाली हात घातला. त्यांचे पाय थंडगार होते, कातडी कागदासारखी. त्यांनी पाय ओढून घ्यायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. मी बसल्या बसल्याच त्यांच्या पायांवर कपाळ टेकवलं. एकदाच.

आमच्याकडे सवाष्णीला एकच आशीर्वाद मिळतो, अखंड सौभाग्यवती भव. म्हणजे नवरा तिच्या शेवटापर्यंत टिको. सगळ्या वडीलधाऱ्यांकडून मला तो इतक्यांदा मिळालाय, की आमचे हे आता दोनशे वर्षं जगायला हरकत नाही. खुद्द आयुष्य मागायचं ते मुलग्यांसाठी. औक्षवंत हो, हे आक्का ह्यांना म्हणतात, निखिलला म्हणतात.

आक्कांचा हात माझ्या डोक्यावर बराच वेळ नुसता होता. मी वाट बघत होते.

“औक्षवंत हो,” त्या म्हणाल्या.

मी मान वर करायला लागले तर त्यांनी माझा खांदा दाबून धरला. “आता लगेच नको उठूस. बसून राहा अशीच जराशी.”

मी बसून राहिले.